सरपंचपदाचा लिलाव करून निवडणूक बिनविरोध केली तर बिघडलं कुठं?

गावाकडचा_इंजिनियर

मंडळी, सरळ प्रश्न आहे, टोमणे नकोत. आमच्याकडे ग्रामपंचायत लागलीय. दर खेपेला दोन पॅनल, मग दारू-मटण, मग डोकी फुटणार, भावाभावात बोलणं बंद. मागच्या वेळी एकाचा ऊस पेटला, कोणी पेटवला ते सगळ्या गावाला माहीत पण साक्ष द्यायला कोण जातंय. म्हणून यंदा जुन्याजाणत्यांनी मारुतीच्या देवळात बैठक घेतली, ठरलं की बिनविरोध करायची. सरपंचपद जो सभामंडपाला जास्त देणगी देईल त्याला, आणि सदस्य वॉर्डावार भावकीनं ठरवून द्यायचे. बोली 32 लाखांवर थांबली. आता मी पुण्यात असतो, मला तर ऐकून बरंच वाटलं, वैर वाचलं, पैसा देवळाला गेला. फक्त माझा चुलतभाऊ म्हणतोय हे बेकायदेशीर आहे, त्याचाही सरपंचपदासाठी अर्ज आहे आणि तो मागे घेणार नाही म्हणतो. घरचेच त्याच्यावर खवळलेत. सगळ्यांची संमती असेल तर लोकशाहीला अडचण काय, हे कोणी नीट समजावेल का?

तालुका_वकील

चुलतभावाचं बरोबर आहे. 2021 च्या जानेवारीत नेमकं हेच झालं होतं. नाशिक जिल्ह्यातलं उमराणे, कांद्याच्या मार्केटचं मोठं गाव, तिथं सरपंचपदाची बोली देवळासाठी दोन कोटींच्या वर गेली. नंदुरबारच्या खोंडामळीतही तसंच, रक्कम लाखांत. व्हिडिओ बाहेर आले, राज्य निवडणूक आयोगानं अहवाल मागवले आणि मतदानाला दोन दिवस उरले असताना दोन्हीकडची निवडणूक रद्द केली. व्हिडिओ कोणी काढला नसता तर दोन्ही गावं आज 'आदर्श बिनविरोध' म्हणून मिरवत असती हा भाग वेगळा.

कायद्याचं म्हणाल तर लोकांना वाटतं लाच म्हणजे मतासाठी पैसे. तसं नाहीये. निवडणुकीला उभं राहणं, न राहणं, अर्ज मागे घेणं हे सगळं मतदानासारखंच निवडणूकविषयक हक्कात धरलेलं आहे, आधी भारतीय दंड संहितेत होतं आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत कलम 169 आणि 170 मध्ये आहे. कोणी अर्ज मागे घ्यावा म्हणून काही देणं-घेणं झालं की लाचखोरीचं कलम बघावं लागतं. पैसा देवळाला गेला म्हणून तो धुतला जात नाही. आणि एक विचारतो, बैठकीत बेलभंडारा उचलायला, म्हणजे देवाची शपथ घ्यायला, लावला का? कारण पुढचंच कलम 171 गैरवाजवी दबावाचं आहे आणि त्यात देवाचा कोप होईल अशी भीती घालणं स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्याकडची गावं बघूनच लिहिलंय असं वाटतं पण कलम इंग्रजांच्या काळचं आहे.

शिवारफेरी

वकीलसाहेब कायदा ठीक आहे हो, पण बिनविरोध म्हटलं की लगेच पाप असं करू नका. हिवरे बाजार बघा. पोपटराव पवारांच्या गावात तीस वर्षं बिनविरोधच चाललं, त्यातूनच पाणलोटाची कामं झाली, कुऱ्हाडबंदी चराईबंदी टिकली. दर पाच वर्षांनी पॅनल पाडापाडी असती तर बोअरवेल बंदीसारखा निर्णय कोणी घेतला असता का? ज्याला मतं हवीत तो लोकांना बोअर मारू नका म्हणून सांगेल? लिलाव वाईटच, त्याला कोणी चांगलं म्हणत नाही, पण एकी वाईट नाही.

तालुका_वकील

@शिवारफेरी मान्य, पण त्याच हिवरे बाजारात 2021 ला विरोधात अर्ज आले, मतदान झालं आणि पवारांचं पॅनल सगळ्याच्या सगळ्या सात जागांवर निवडून आलं. म्हणजे एकी खरी होती ती मतपेटीतूनही निघाली की. ज्यांना खात्री असते त्यांना मतदानाची भीती कशाला. आणि तिथं पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत सगळ्यांसमोर मांडतात, देवळातल्या बंद बैठकीत नाही.

माळावरची_सुमन

मी जरा वेगळं विचारते. दादा, त्या बैठकीला बायका किती होत्या? वस्तीवरचे किती होते?

आमच्याकडे अशीच बैठक झाली तेव्हा मी माहेरी होते. पारावर सतरंजी, वर बसलेले सगळे तीन भावकीतले, आमच्या माळावरची माणसं खाली चपलांजवळ उभी. एकानं हात वर करून विचारलं की आमच्या वॉर्डात बिनविरोध कोण, तर वरनं आवाज आला "तुमचं नाव आम्ही काढलंय, काळजी करू नका." झालं, संमती. ते नाव कोणाचं तर ज्याच्याकडं सालगडी म्हणून तो माणूस राबतो त्या मालकानं सुचवलेलं. बाईची राखीव जागा होती तिथं एकाच्या सुनेचं नाव, ती बिचारी बाळंतपणाला गेलेली, तिला फोनवरून कळलं की ती सदस्य होणार आहे.

पंचायतीत बायकांना राखीव जागा देणारी 73 वी घटनादुरुस्ती 1993 ला लागू झाली, महाराष्ट्रात 2011 पासून बायकांना 50 टक्के जागा. कागदावर किती छान. पण राखीव जागा कुणाला द्यायची हे जर पारावरच ठरणार असेल तर आरक्षणाचा मालक बदलतच नाही ना. मतपेटीजवळ पडद्यामागं सालगडी आणि मालक दोघांचं बटण सारखंच, तेवढ्या एका मिनिटापुरतं कोणी बघत नसतं. बिनविरोध करून तुम्ही नेमकं तेवढंच काढून घेता. आणि ज्यांची भांडणं होतात म्हणून हे सगळं चाललंय ती भांडणं त्या तीन भावक्यांचीच असतात, आमची नव्हेत.

फणस_रायगड

सुमनताई एकदम बरोबर. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत हेच सांगितलं होतं ना, गाव म्हणजे संकुचितपणाचं डबकं, म्हणून घटनेचा एकक माणूस धरलाय, गाव नाही. तेव्हा भरपूर लोकांना राग आला होता, आजही येतो.

इंजिनियर भाऊ, तुमच्या चुलतभावाची मला जास्त काळजी वाटते. आमच्या रायगडात गावकीच्या शब्दाबाहेर गेलं की काय होतं ते पेपरात भरपूर आलंय, दुकानदार सामान देत नाही, लग्नाला कोणी जात नाही, पाणी तोडतात, निवडणुकीला उभं राहिलं म्हणूनही वाळीत टाकलेली घरं आहेत. मुंबई राज्यानं 1949 लाच बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता, तो 1962 मध्ये सुप्रीम कोर्टात पडला, मग महाराष्ट्रात नवा कायदा यायला 2016 उजाडलं, लागू झाला 2017 च्या जुलैत. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. पण तक्रार करायची म्हणजे त्याच गावात राहून त्याच शेजाऱ्यावर, पंचनाम्याला पंच पण गावातलेच, पोलीस पाटील पण भावकीतला. कायदा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, घरातल्यांनी मागं उभं राहायला पाहिजे.

गावाकडचा_इंजिनियर

फोन केला आत्ता. बेलभंडारा उचलायला लावला होता, हो. आणि सुमनताई, बायका एकही नव्हती, आईला विचारलं तर म्हणे आम्हाला कोण बोलावतंय. ऊस पेटला त्याचं काय करायचं हा माझा प्रश्न मात्र राहिलाच, निवडणूक झाली तर परत तेच होणार, ते कोणी सांगत नाहीये. परवा दुपारी तीनपर्यंत माघारीची मुदत आहे, सकाळीच जीप येणार आहे सगळ्यांना तहसीलला न्यायला. तक्रार नेमकी कोणाकडे द्यायची?

तालुका_वकील

निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी, एक प्रत तहसीलदारांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना, तिन्हीवर पोच घ्या. बोलीचा व्हिडिओ किंवा व्हॉट्सॲप मेसेज असतील तर आजच दोन ठिकाणी सेव्ह करा, उद्या ग्रुपवरनं डिलीट होतील. ऊस जाळण्याचा गुन्हा वेगळा नोंदवायचा असतो, तो तेव्हाच नोंदवायला हवा होता. आणि तुम्ही स्वतः उद्या रात्री गावी जा. चुलतभाऊ त्या जीपमध्ये एकटा नको.