रेशनवर ज्वारी, पण कुठली?

एकांनी लिहिलंय की रेशनवर गव्हाऐवजी ज्वारी दिली की मराठवाड्यातलं कुपोषण हटेल. भरडधान्याची, म्हणजे ज्वारी-बाजरीची, तरतूद २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातच आहे; तेव्हा दर ठरले होते तांदूळ ३, गहू २, भरडधान्य १ रुपया किलो. पण खरिपातली, पावसात काळी पडलेली हायब्रीड ज्वारी आली तर ती कोंबड्यांपुढंच जाणार. भाकरीला मालदांडी, म्हणजे रब्बीची ज्वारी लागते. दोन्हींचा हमीभाव वेगळा जाहीर होतो, म्हणजे फरक सरकारलाही ठाऊक आहे!

शिवाय नुसत्या धान्यानं काय होतंय? ज्वारीत करडईचे पाटे (मधल्या ओळी), कडेला जवस, खरिपात तूर, मूग, अंबाडी, असं ताट शेतातूनच भरायचं. लातूर-धाराशिवकडची येळवशीची (वेळ अमावस्येच्या सणाची) भज्जी आठवा: ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाटाणा, मिळेल ती पालेभाजी, बेसन लावून शिजवलेली, सोबत गाडग्यातलं आंबील. आता सगळं शिवार सोयाबीन. तणनाशक मारलं की घोळ, तांदुळजा, कुंजीर या रानभाज्याही गेल्या, आणि हे काही रेशन दुकानात मिळायचं नाही.

माझ्या मते सुरुवात शाळेच्या खिचडीपासून करावी. मूग, मटकी, हुलगे गावातल्या बचत गटाकडूनच घ्या. खरेदीची खात्री असेल तर माणूस एखादा एकर सोयाबीन आपणहून कमी करतो. नुसतं 'ज्वारी खा' म्हणून कोण पेरणार, काढणीला माणसं मिळेनात.