मदत हवी आहे: टोंगाच्या कलांवर पीएचडी, गाइड कुठे मिळेल?

सायली_ऑकलंड:
मंडळी, तातडीने सल्ला हवाय. पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांच्या न्गातूवर, म्हणजे झाडाच्या सालीच्या कापडावर पीएचडी करायचीय. प्राध्यापकांना मेल टाकले, कुणाचंच उत्तर नाही. पुढे शिकवायचंच आहे. कुठे अर्ज करू?

खडूस_काका:
आधी एमए कशात ते सांग. टोंगन येतं का? व्हिसा कुठला? मेलमध्येही असंच लिहिलं असशील तर उत्तर कोण देणार!

बोरूबहाद्दर:
हवाई विद्यापीठात, मानोआला जा. माझा भाचा तिथेच होता. (त्याचा विषय ज्वालामुखी, पण विद्यापीठ झकास.)

वेलिंग्टनकर:
हवाई कशाला? न्यूझीलंडमध्ये परदेशी विद्यार्थ्यांनाही पीएचडीला इथल्यांइतकीच फी पडते. शिवाय टोंगन वस्ती दक्षिण ऑकलंडमध्ये, तुझ्या दारात.

सायली_ऑकलंड:
एमए टेक्स्टाइल डिझाइन, बडोदा. भाषा 'मालो ए लेलेई' (नमस्कार) एवढ्यापुरती. व्हिसाचं मी बघेन.

मीनाताई_सुवा:
मग आधी भाषा शीक आणि बायकांबरोबर बैस. हियापोची, म्हणजे कागदी तुतीच्या झाडाची आतली साल ठोकून पातळ करतात, खाली कुपेसीचा नक्षीचा साचा ठेवतात आणि वरून रंग घासतात. हे सगळं घोळक्यात, गप्पा मारत, गाणी म्हणत चालतं. ऑकलंडमध्ये साल मिळणं कठीण, म्हणून कृत्रिम कापडावरही न्गातू करतात. विषय तिथेच सापडेल. कोनाई हेलू थामान आणि ओकुसितिनो माहिना या टोंगन अभ्यासकांचं वाचल्याशिवाय मेल टाकू नकोस. आमच्या फिजीतल्या सुवाच्या विद्यापीठातलं ओशनिया सेंटर हे कलाकेंद्र टोंगन लेखक एपेली हाऊओफांनी 1997 मध्ये उभं केलं, तिथेही विचार.

निखारा:
पण त्यांच्या कलेवर बाहेरच्यांनी डॉक्टरेट का मिळवायची? टोंगन मुली काय कमी आहेत?

बोरूबहाद्दर:
अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एड्रियन केप्लर बाहेरच्याच की! टोंगाच्या नृत्यावर आयुष्यभर काम केलं.

निखारा:
तो काळ वेगळा होता.

भटक्या_जीव:
जुलै ते ऑक्टोबर टोंगाच्या व्हावाऊ बेटांवर देवमासे दिसतात. चुकवू नका!

सायली_ऑकलंड:
फिरायला नाही चाललेय हो. नोकरीचं कुणी बोलेल का?

वेलिंग्टनकर:
जागा मोजक्याच निघतात, आणि टोंगन उमेदवाराला आधी विचारतील, ते योग्यच आहे. तुझ्या हाताला कापड कळतं, तर संग्रहालयाचं दार ठोठाव. ऑकलंड म्युझियम आणि वेलिंग्टनचं 'ते पापा' हे राष्ट्रीय संग्रहालय, दोन्हीकडे पॅसिफिक संग्रह आहेत. आधी तिथे स्वयंसेवक म्हणून जा, मग गाइड शोध.

मीनाताई_सुवा:
रविवारी टोंगन चर्चमध्येही जा. बायकांची ओळख तिथे लवकर होते.