भिंतीची जाडी मोजून गॅमा कळतो का?

पालघरकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'अणुभट्टीच्या गॅमा किरणांपासून वाचायचं गणित शाळकरी आहे. दर ६ सेंटीमीटर काँक्रीटला किरणं निम्मी होतात. भिंत मोजा, भाग द्या, उगाच घाबरू नका.' वाचून डोकं फिरलं. ते ६ सेंटीमीटर कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूच्या गॅमाचं आहे हो! तारापूर अणुवीज केंद्राच्या १ आणि २ नंबरच्या भट्ट्या १९६९ पासूनच्या, उकळत्या पाण्याच्या. भट्टीतली वाफ थेट टर्बाइनला जाते आणि सोबत किरणोत्सारी नायट्रोजन-१६ नेते. त्याचा गॅमा ६.१ एमईव्हीचा, म्हणजे कोबाल्टपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जेचा, तो निम्मा करायला ११ सेंटीमीटर तरी लागतात.

आकडेमोड: लिहिणारा मीच. ऊर्जा सांगायला हवी होती, मान्य. पण नायट्रोजन-१६ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायचा वेळ, ७ सेकंद! भट्टी बंद झाली की दोन-चार मिनिटांत तो संपतो. दुरुस्तीला आत जाणाऱ्याला त्याचं काय?

पालघरकर: त्याला कोबाल्टच नडतो. पाइपाच्या बाकात, व्हॉल्व्हच्या बुडाशी कोबाल्ट असलेला गंजाचा गाळ बसतो आणि त्या कोबाल्टचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. शिवाय तुझ्या भागाकारात विखुरलेली किरणं कुठे आहेत? त्यांची भर, म्हणजे बिल्डअप, धरला नाही तर जाड भिंतीमागे अंगावर येणारा किरणांचा डोस कित्येक पट कमी दिसतो. आणि भिंतीतून पाइप जायला ठेवलेलं भोक?

जुना फिटर: मी ठेकेदाराकडे होतो, केंद्राचं नाव घेत नाही. शटडाउनमध्ये व्हॉल्व्हचं पॅकिंग बदलायचं होतं. किरणांचा मीटर लावून साहेब म्हणाले, दहा मिनिटंच थांबायचं. नट जाम, तो सुटायलाच बारा गेली. शिशाची चादर टांगली होती, पण हात तिच्या पलीकडे आणि डोस मोजायचा बिल्ला छातीवर. बोटांनी किती घेतला ते कुणी मोजलं?

डहाणूची लेक: माझे बाबा तीस वर्षं कायम नोकरीत होते. अशा कामाला त्यांना हाताचा वेगळा बिल्ला मिळायचा. तुम्हाला दिला नाही ही देणाऱ्याची चूक, शिल्डिंगला, म्हणजे भिंतीच्या-शिशाच्या आडोशाला, का नावं ठेवता? डोसची मर्यादा पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (हे डोसचं माप), एका वर्षात ३० च्या वर नाही. नियम सगळ्यांना एकच आहे.

जुना फिटर: नियम एक असेल ताई, काम एक नव्हतं. गरम, म्हणजे जास्त किरणं असलेल्या, व्हॉल्व्हपाशी आधी आम्हीच. तुमच्या बाबांचा तीस वर्षांचा हिशेब कुठेतरी लागला असेल. मला काम संपल्यावर गेटपास जमा करायला सांगितला, बस.

डहाणूची लेक: बाबांनीही गरम कामं केली आहेत. घरी बसून नाही खाल्लं त्यांनी.

आकडेमोड: भांडू नका. भिंतीमागे उभ्या माणसाचं गणित मी भिंतीपुढे हात घालणाऱ्याला लावलं. तेवढं मागे घेतो, त्याहून जास्त नाही. जैतापूरच्या नियोजित अणुप्रकल्पाच्या नावाने 'किरणं भिंतीतून गावात येतात' म्हणणाऱ्यांनाही कुणी असंच धरा.

पालघरकर: धरू. पण भिंतीतल्या भोकाबद्दल विचारलं, त्याचं तुझं उत्तर अजून आलेलं नाही.

डहाणूची लेक: दादा, रागात बोलले. बिल्ल्यांचे डोस भाभा अणुसंशोधन केंद्राच्या नोंदवहीत राहतात. नाव, साल, बिल्ल्याचा नंबर घालून अर्ज करा.

जुना फिटर: साल आठवतं. नंबर नाही आठवत.