मदत हवी: 'केळीवही' या ओपन सोर्स ॲपचं नाव बदलायचं आहे, कुठून सुरुवात करू?

धागाकर्ता

मंडळी, रामराम. मी रावेर तालुक्यातला. 'केळीवही' नावाचं छोटं ॲप आम्ही काही मित्र मिळून चालवतो. काट्यावरचं वजन, त्या दिवसाचा बोर्डाचा (बाजारात जाहीर होणारा) भाव, वरचा फरक, माल नवती की पिलबाग की वापसी (हे केळीच्या मालाचे प्रकार), व्यापाऱ्याकडून आलेले पैसे आणि राहिलेली बाकी, एवढं त्यात लिहिता येतं. नेट लागत नाही, कारण बागेत रेंज कुठून मिळणार! कोड जीपीएल ३ परवान्याखाली (म्हणजे कोणीही घ्यावा, बदलावा) गिटहबवर, कोड ठेवायच्या साइटवर आहे. ॲप प्ले स्टोअरवर, आणि काटापावती वाचणारी पायथनची लायब्ररी वेगळी पायपीआयवर, म्हणजे पायथन लायब्रऱ्यांच्या ऑनलाइन भांडारात.

आता झालंय असं की नंदुरबारच्या दोघांनी मिरचीचा भाग लिहून दिला आणि धुळ्याच्या एका ताईंनी कापसाचा. काम एकदम चोख. पण मिरचीवाल्याला ॲप दाखवलं की तो नाव वाचूनच फोन परत देतो. धुळ्याच्या ताई तर सरळ म्हणाल्या, "दादा, तुमच्या केळीच्या वहीत माझा कापूस किती दिवस पाहुणा म्हणून राहणार?"

दुसरी भानगड. एका कृषी सेवा केंद्रवाल्याने आमचा कोड घेतला, त्यात जाहिराती घातल्या आणि त्याच नावाने एपीके (ॲप बसवायची फाइल) व्हॉट्सॲपवर सोडला. कोड घ्यायला परवान्याने मुभाच आहे, त्याबद्दल रडगाणं नाही. पण त्याच्या ॲपमध्ये बाकी चुकली की शिव्या खायला मी!

ग्रुपवर तीन नावं आली आहेत: 'नवती', 'वावर' आणि 'खान्देश शेतवही'. तिन्हींवरून भांडणं चालू आहेत. मला दोन गोष्टी कळत नाहीत. नाव कोणत्या प्रकारचं घ्यावं, आणि बदलताना काय काय मोडतं? बाजारात काट्यांजवळ आम्ही क्यूआरचे स्टिकर लावलेत, ते गिटहबच्या मदत-पानांवर नेतात. जाणकारांनी सांगावं.

तापीकाठ

आधी एक नक्की करा भाऊ, की पाटी बदलायची आहे, घर नाही. अँड्रॉइडमध्ये ॲपचं दिसणारं नाव केव्हाही बदलता येतं. पण आतला ॲप्लिकेशन आयडी एकदा प्ले स्टोअरवर गेला की कायमचा. तो बदललात तर फोनच्या लेखी ते नवंच ॲप. जुन्या लोकांना अपडेट जाणार नाही, आणि त्यांच्या नोंदी जुन्या ॲपमध्येच अडकतील. आयडीत 'केळी' राहिली तर राहू द्या, शेतकऱ्याला ती दिसतही नाही. आपल्या जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचंच (एनएमयू) बघा ना. २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव लागलं, पण वेबसाइटचा पत्ता आजही एनएमयूच आहे. कोणाचं अडलं?

बॅकअपच्या फोल्डरचं नावही तेच ठेवा. तिथे हात घातलात तर गेल्या हंगामाचा हिशोब 'गायब' होईल आणि मग खऱ्या शिव्या कशा असतात ते कळेल.

कांदेबाग

पायपीआयवर नाव बदलायची सोयच नाही. नव्या नावाने नवी लायब्ररी टाकायची. जुन्या नावाची एक शेवटची आवृत्ती काढायची, तिने फक्त नवीला ओढून आणायचं आणि सूचना दाखवायची. जुनं नाव मोकळं मात्र सोडू नका, उद्या दुसरा कोणी ते घेऊन बसेल.

गिटहबवर रेपोचं (कोडच्या साठ्याचं) नाव बदललं की जुने दुवे आपोआप नव्याकडे जातात, क्लोनसुद्धा (लोकांनी उतरवलेल्या प्रती) चालतात. पण मदत-पानं जात नाहीत! म्हणजे तुमचे स्टिकर त्याच दिवशी बाद. यावर जुन्या नावाची रेपो परत उघडून तिथे पानं ठेवावीशी वाटतील, तर ते करू नका. त्या नावाची रेपो पुन्हा तयार झाली की कोडच्या दुव्यांचं रीडायरेक्ट संपतं. एकीकडे ओढलं की दुसरीकडे उघडं पडतं.

काळा डगला, धुळे

नावाच्या प्रकाराबद्दल बोलतो. 'खान्देश शेतवही' बाद करा. ट्रेड मार्क्स कायदा १९९९, कलम ९: माल कुठला आहे किंवा कसला आहे एवढंच सांगणारं नाव सहसा नोंदलं जात नाही. शेताची वही, तीही खान्देशातली, यात तुमचं स्वतःचं असं काय उरलं? केळीच्या जातींची किंवा जळगावची नावंही टाळा. जळगावची केळी आणि जळगावचं भरीताचं वांगं, दोन्हींना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तुम्ही सॉफ्टवेअर बनवता म्हणून लगेच गुन्हा होत नाही, पण नसती चर्चा कशाला?

उरलेल्या नावांचा शोध ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर फुकट घेता येतो. सॉफ्टवेअरसाठी वर्ग ९ आणि सेवेसाठी वर्ग ४२, दोन्ही तपासा. उच्चार जवळचे असलेले शब्दही बघा. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाला ४५०० रुपये. मिळाली की नोंदणी १० वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण.

त्या केंद्रवाल्याचं म्हणाल तर कोडचा परवाना आणि नावाचा हक्क ही दोन वेगळी खाती आहेत. जीपीएल ३ च्या कलम ७ मध्येच सोय आहे, की नाव वापरायची परवानगी देत नाही अशी अट तुम्ही जोडू शकता. नोंदणी नसली तरी आधीपासून नाव वापरणाऱ्याला 'पासिंग ऑफ'चा, म्हणजे दुसरा आपल्या नावावर स्वतःचा माल खपवतोय असा दावा करता येतो, पण तिथे पुरावे गोळा करता करता दमछाक होते. म्हणून नवं नाव पहिल्या दिवसापासून अटीसह आणा.

तापीकाठ

काळा डगला यांना +१. याचं मोठं उदाहरण फायरफॉक्सचं आहे. डेबियनवाल्यांना (ही लिनक्सची एक आवृत्ती) कोड वापरायला मोकळीक होती, पण नावाच्या अटी जमेनात. म्हणून २००६ पासून २०१६ पर्यंत त्यांच्याकडे तोच ब्राउझर 'आइसवीझल' नावाने फिरत होता. तुमच्या केंद्रवाल्यालाही हेच सांगायचं: कोड घे बाबा, नाव तुझं ठेव.

आणि शोध न घेता घाई केली तर काय होतं तेही फायरफॉक्सकडूनच शिकावं. २००२ मध्ये तो 'फीनिक्स' होता. एका कंपनीच्या ट्रेडमार्कमुळे २००३ मध्ये 'फायरबर्ड' झाला, तर त्या नावाचा डेटाबेस प्रकल्प आधीच होता, ती मंडळी चिडली. शेवटी फेब्रुवारी २००४ मध्ये 'फायरफॉक्स'. दोनदा बारसं!

बऱ्हाणपूरवाला

आमच्याकडे ॲप वापरणारे बरेच जण हिंदी बोलणारे. त्यांना 'ळ' येत नाही, ते 'केली वही' म्हणतात आणि हसतात. 'नवती' चालेल, बोर्डावर रोज वाचतात. 'वावर' आमच्या भागात तरी कोणाला समजावून सांगावं लागणार नाही.

जुना खोडवा

माझं मत उलटं. नाव बदलूच नका. व्हीएलसी हे व्हिडिओ प्लेअर पॅरिसच्या एका कॉलेजात कॅम्पसच्या नेटवर्कवर व्हिडिओ बघायला केलेलं, 'व्हिडिओलॅन क्लायंट'. आज त्यात जग काहीही बघतं, नावाचा अर्थ कोण विचारतं? मिरचीवाल्याला नाव खटकतं की नोंदी करायचाच कंटाळा आहे, ते आधी बघा भो.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. जुना खोडवा, तुमचा मुद्दा पटण्यासारखा आहे, पण व्हीएलसी वाचून कोणाला 'हे माझ्यासाठी नाही' असं वाटत नव्हतं. 'केळी' वाचून वाटतं. त्यात ज्यांनी कोड लिहिला त्यांनाच परकं वाटत असेल तर मी अडून बसणार नाही.

'खान्देश शेतवही' काढून टाकलं. 'नवती'चा अर्थ शेवटी केळीकडेच जातो असं नंदुरबारकरांचं म्हणणं, त्यामुळे ग्रुपचा कल 'वावर'कडे आहे. पण हा शब्द रोजच्या वापरातला, आधी कोणी घेतलेला असायची भीती मला जास्त वाटते. दोन्ही वर्गांत शोध घेऊन इथे टाकतो. अडचण दिसली तर नवा शब्द शोधू, जोडनाव करणार नाही.

तोपर्यंत ठरलं ते असं: आयडी आणि बॅकअप फोल्डर जसंच्या तसं. ॲपच्या पाटीवर काही महिने नव्या नावाखाली बारीक अक्षरात 'पूर्वीची केळीवही'. गिटहबच्या रेपोला आत्ता हातच लावत नाही. आधी मदत-पानं स्वतःच्या डोमेनवर नेतो, मग स्टिकर बदलतो आणि सगळ्यात शेवटी रेपोचं नाव.

काळा डगला, एकच शंका राहिली. परवान्यात ती नावाची अट जोडायची तर ज्यांनी ज्यांनी कोड दिला त्या सगळ्यांची लेखी संमती घ्यावी लागेल का? त्यातला एक जण नोकरीसाठी दुबईला गेलाय आणि मेलला उत्तर देत नाही.

काळा डगला, धुळे

अट तुमच्या स्वतःच्या कोडला लावायला त्याची सही लागत नाही. कलम ७ प्रमाणे जो ज्या भागाचा मालक, तो त्या भागाला अशी अट लावू शकतो. ज्यांचा संपर्क आहे त्यांची संमती मेलवर घेऊन ठेवा. आणि नाव वापरायचे नियम वेगळ्या फाइलमध्ये, साध्या मराठीत लिहा. मसुदा इथे टाकलात तर बघून देतो.