मदत हवी आहे: चेंडू लागल्यावर अंगठ्याच्या बेचक्यात हाड धरतंय, बायॉप्सी आताच करावी का?

रुग्ण २४ वर्षांचा, उजवा हात. सीझन बॉल अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात लागून साडेपाच आठवडे झाले. तेव्हाच्या एक्सरेत फ्रॅक्चर नव्हतं. नंतर पंधरा दिवस हाडवैद्याकडे तेल लावून चोळणं आणि गरम शेक. आता सुपारीएवढी कडक गाठ आहे, दाबली की दुखते, अंगठा पुरता उघडत नाही. नव्या एक्सरेत स्नायूत पांढुरकी कड दिसते. रिपोर्टमध्ये ‘मायोसायटिस ऑसिफिकन्स? ट्यूमर? बायॉप्सी करावी’ असं लिहिलंय (मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणजे मार लागल्यावर स्नायूत हाड धरणं). शिवाय अंगठा ताणायचे व्यायाम चालू ठेवायचे का?

प्रतिसाद १
बायॉप्सीची घाई नको, आधी पातळ काप घेऊन सीटी करा. मायोसायटिसमध्ये हाड बाहेरून आत पिकत, म्हणजे पक्कं होत जातं: कड पांढरी, मध्य विरळ. ऑस्टिओसार्कोमात (हाडाच्या कॅन्सरमध्ये) बहुधा उलट, मध्य जास्त दाट. गाठ आणि मेटाकार्पल (तळहातातलं लांब हाड) यांच्यामध्ये बारीक काळी रेघ दिसते का तेही बघा. गाठ थेट हाडालाच चिकटलेली असेल तर नोरा लिजनसारखे (हाडाच्या पृष्ठभागावरची, कॅन्सर नसलेली वाढ) इतर निदानही विचारात घ्यावे लागतात. या टप्प्यावर एमआरआय भलताच घाबरवतो, कारण आजूबाजूला सूज खूप असते.

बायॉप्सीची सुई नेमकी मध्यात गेली तर तिथल्या कोवळ्या, भराभर वाढणाऱ्या पेशी सार्कोमासारख्या दिसतात. गोंधळ होतो तो इथेच. ३-४ आठवड्यांनी पुन्हा एक्सरे काढा. कड जाड होऊन गाठ थांबली किंवा आकसली तर ठीक. कड धरतच नाही, गाठ वाढतेय, रात्री ठणका लागतो, असं असेल तर वाट बघू नका. मग बायॉप्सी हवीच, पण पुढे ऑपरेशन करणाऱ्या ट्यूमर सर्जननेच ती करावी.

प्रतिसाद २
चोळणं, शेक, दुसऱ्याने अंगठा ओढणं, सगळं आजपासून बंद. त्याने स्नायूत पुन्हा रक्त उतरतं आणि हाड धरायला खतपाणीच मिळतं. अंगठा तळव्यासमोर, न दुखता जेवढा उघडेल तेवढाच ठेवून थर्मोप्लास्टिक स्प्लिंट (गरम करून हाताच्या आकाराची बनवलेली प्लास्टिकची पट्टी) करा, नाहीतर बेचका आखडतो. दिवसातून ४-५ वेळा स्प्लिंट काढून रुग्णाने स्वतःच अंगठा ८-१० वेळा हलवायचा. दुसऱ्या सकाळी सूज वाढलेली दिसली तर प्रमाण निम्मं करा.

प्रश्नकर्ता
इंडोमेथासिन (सूज-वेदना कमी करणारं औषध) द्यावं का? आणि गाठ काढायची कधी?

प्रतिसाद १
अशा बाबतीत इंडोमेथासिनचा मुख्य वापर खुब्याच्या ऑपरेशननंतर, हाड धरू नये म्हणून. धरलेलं हाड त्याने विरघळत नाही. पित्त, मूत्रपिंड, दमा बघून डॉक्टरांनीच ठरवावं. गाठ पिकायला साधारण ६ ते १२ महिने लागतात आणि पुष्कळदा ती आपोआप लहान होते. तोवर काढली तर परत धरण्याचा धोका जास्त. पिकल्यावरही अंगठा अडत असेल किंवा नस दबत असेल तरच काढायची.