मिनेसोटात कुटुंबासाठी पॉन्टून बोट : दोन नळ्यांची घ्यावी की तीन नळ्यांची?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आम्ही मिनीआपोलिसच्या पश्चिमेकडील उपनगरात नऊ वर्षे राहत आहोत. उन्हाळ्यात लेक मिनेटोंकाच्या काठावरून लोकांच्या बोटी पाहत बसण्यापेक्षा आपलीच एखादी पॉन्टून बोट (लांब पोकळ नळ्यांवर सपाट तक्तपोशी बसवलेली बोट) असावी, असे यंदा घरात ठरले आहे. घरात आम्ही दोघे, सात आणि अकरा वर्षांची मुले, आणि दर वर्षी मे ते सप्टेंबर सांगलीहून येणारे माझे आईवडील असे सहा जण आहोत. वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. आमच्यापैकी कोणीही आजवर बोट चालवलेली नाही.

दोन बोटी पाहून आलो. पहिली वीस फुटी, दोन नळ्यांची, साठ अश्वशक्तीचे इंजिन असलेली, आठ वर्षे वापरलेली आहे. दुसरी बावीस फुटी, तीन नळ्यांची, दोनशे अश्वशक्तीची आणि कोरी आहे. दुसरी आमच्या पस्तीस हजार डॉलरच्या मर्यादेबाहेर बरीच जाते, परंतु विक्रेत्याचे म्हणणे असे की कुटुंबासाठी दोन नळ्यांची बोट आता कोणी घेतच नाही. यात तथ्य किती आहे, आणि आसने, संगीतयंत्रणा, दिवे यांपलीकडे नेमके काय पाहावे, हे अनुभवी सभासदांनी सांगावे ही विनंती.

तराफा

मी मिनेटोंकावर अकरा वर्षे पॉन्टून चालवतो आहे. पहिली दोन नळ्यांची होती, आताची तीन नळ्यांची आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलू शकतो.

आपल्या भाषेत ही वस्तू नवी नाही. दोन होड्या किंवा दोन भोपळे शेजारी शेजारी बांधून जे तरते साधन होते त्याला आपण ‘सांगड’ म्हणत होतो. आता त्यातला केवळ ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार उरला आहे. मिनेसोटातल्याच रिचमंड गावच्या अँब्रोझ वीअर्स या शेतकऱ्याने १९५२ साली पोलादी पिंपे एकापुढे एक जोडून त्यांच्या दोन रांगा केल्या आणि वर लाकडी तक्तपोशी बसवली, तेव्हा त्यानेही एका अर्थी सांगडच बांधली. आजच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या असतात आणि आत आडव्या भिंती घालून त्यांचे बंद कप्पे केलेले असतात, म्हणजे एखादा कप्पा फुटला तरी बोट तरंगत राहते. बाकी तत्त्व तेच आहे : तरंगणारे भाग एकमेकांपासून दूर ठेवा, म्हणजे वरचा माणूस इकडून तिकडे गेला तरी सांगड कलंडत नाही. आजीआजोबा आणि लहान मुले असलेल्या घराला ही बोट मानवते ती याच कारणाने.

म्हणून पहिला प्रश्न नळ्या किती हा नसून नळ्या केवढ्या व्यासाच्या हा आहे. वीस फूट लांब आणि तेवीस इंच व्यासाची एक नळी पूर्ण बुडाली तर सुमारे ३,६०० पौंड वजन पेलते. पंचवीस इंचांची नळी सुमारे ४,२५० पौंड पेलते. व्यासात फक्त दोन इंच वाढले, पण पेलण्याची शक्ती जवळपास अठरा टक्क्यांनी वाढली, कारण ती व्यासाच्या वर्गाने वाढते. प्रत्यक्षात नळी निम्म्याच्या आसपास बुडालेली असावी, म्हणून प्रत्येक नळीचा निम्माच आकडा धरा, सर्व नळ्यांची बेरीज करा आणि त्यातून बोटीचे स्वतःचे वजन, इंजिन, इंधन आणि सहा माणसे वजा करा. पंचवीस गॅलन पेट्रोलच दीडशे पौंडांचे असते, आणि बर्फाची पेटी, जेवणाचे डबे, दोरखंड, नांगर हे कोणी मोजत नाही. बोटीवरच्या क्षमतापट्टीवर माणसांची संख्या, एकूण वजन आणि इंजिनाची कमाल शक्ती लिहिलेली असते. माझा स्वतःचा नियम असा की त्या वजनाच्या तीन चतुर्थांशापुढे मी कधी जात नाही. पाहुणे आले की हा नियम मोडण्याची वेळ येते, तेव्हा दोन फेऱ्या मारतो.

आता मिनेटोंकाविषयी. हे एकसंध तळे नसून सामुद्रधुनीसारख्या अरुंद वाटांनी जोडलेल्या अनेक उपसागरांची माळ आहे. शनिवारी दुपारी चारही दिशांनी मोठ्या बोटींनी उठवलेल्या लाटा एकमेकींवर आदळत असतात. दोन नळ्यांची बोट अशा पाण्यात बुडत नाही, पण तक्तपोशीखालच्या आडव्या पट्ट्यांवर पाणी थडाथड आपटते, वेग मरतो आणि आजीबाईंचा चहा सांडतो. खालून ॲल्युमिनियमचा पत्रा लावलेली असेल तर हे बरेच कमी होते. तीन नळ्यांची बोट, विशेषतः नळ्यांच्या बाजूंना उचल देणाऱ्या पट्ट्या जोडलेल्या असतील तर, लाटेवर चढते आणि वळताना आत झुकते. त्यामुळे विक्रेत्याचे म्हणणे मिनेटोंकापुरते निम्मे खरे आहे. एखाद्या लहान, निवांत तळ्यावर मात्र तेवढ्यासाठी पैसे घालण्यात अर्थ नाही.

इंजिनाबाबत तो तुम्हाला जास्तीचे विकतो आहे. नवशिक्या कुटुंबाला दोनशे अश्वशक्तीचे काय काम? उलट साठात सहा माणसे घेऊन रमतगमत फिरता येते, परंतु मागे दोरीने बांधलेल्या, हवा भरलेल्या रबरी चकतीवर मुले ओढायची असतील तर ते कमी पडते. वीस ते बावीस फुटी दोन नळ्यांना नव्वद ते एकशे पंधरा, आणि तीन नळ्यांना दीडशे पुरेसे आहे.

वल्हे

मी थोडे वेगळे सांगतो. यंदा बोट घेऊच नका. जून, जुलै आणि ऑगस्टमध्ये प्रत्येकी एकदा भाड्याची पॉन्टून घ्या : एकदा दोन नळ्यांची, एकदा तीन नळ्यांची, आणि एकदा मुद्दाम वाऱ्याच्या दिवशी. ही बोट म्हणजे पाण्यावर ठेवलेली उंच कठड्याची खोली आहे. बाजूने वारा लागला की ती शिडासारखी वाहवते, आणि धक्क्याला लावताना नवशिक्याची जी तारांबळ उडते ती कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेली नसते. आमच्या घरात तीन भाड्याच्या फेऱ्यांनंतर उत्साह मावळला आणि आम्ही दोन कायाक घेऊन सुखी झालो.

पाना_पकड

माझा व्यवसाय यंत्रदुरुस्तीचा आहे, म्हणून केवळ जुन्या बोटीविषयी लिहितो. आठ वर्षे हे वय अजिबात जास्त नाही, परंतु बोट पाण्यात असताना पाहून व्यवहार करू नका. ती ट्रेलरवर घ्यायला लावा आणि खाली वाकून नळ्या पाहा. खडकाळ काठावर बोट चढवण्याची सवय असलेल्या मालकाच्या नळ्यांना तळाशी चेपे पडलेले असतात. चेपा चालेल, पण जोडाच्या शिवणीजवळ तडा चालणार नाही. नळीवर बोटांनी ठोकत पुढून मागे जा. मध्येच आवाज बसका झाला तर आत पाणी आहे असे समजा.

त्यानंतर तक्तपोशी. जुन्या बोटीत ती बहुधा जलरोधक प्लायवूडची असते. फाटकाजवळ, चालकाच्या आसनाखाली आणि मागच्या शिडीपाशी टाचेने दाब द्या; पाय जरा जरी खाली गेला तरी लाकूड कुजले आहे आणि ते बदलायचे म्हणजे आसने, कठडे सर्व उतरवावे लागते. आसनांची झाकणे उचलून आत पाहा : प्लॅस्टिकचा सांगाडा असेल तर उत्तम, लाकडी असेल तर वास घ्या. खालचे आडवे पट्टे सोळा इंचांवर आहेत की चोवीस इंचांवर, हे मोजपट्टीने मोजा, कारण बोटीचा ताठपणा तिथे ठरतो.

इंजिनाच्या खालच्या भागातील तेल थोडे काढून पाहा. ते ताकासारखे पांढुरके दिसले तर आत पाणी शिरलेले आहे. इंजिन किती तास चालले ते विचारण्यापेक्षा यंत्रातून वाचून घ्या. मी स्वतः एकदा विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर विसंबलो होतो आणि ‘दोनशे तासां’चे इंजिन प्रत्यक्षात सातशेच्या घरात निघाले. ट्रेलरच्या टायरवर चार अंकी संख्या असते, तिच्यात निर्मितीचा आठवडा आणि वर्ष असते. टायरचे वय तिथून कळते. आणि दाखवण्यासाठी म्हणून इंजिन आधीच तापवून ठेवलेले असेल, तर दुसऱ्या दिवशी परत जा आणि थंड इंजिन सुरू करायला सांगा.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नळ्यांचा हिशेब वाचून मी क्षमतापट्टीचे छायाचित्र मागवले आहे. दोन गोष्टी अजून विचारतो. वडिलांना चढउतार आणि बसणे कितपत जमेल? आणि सात वर्षांचा धाकटा एका जागी दोन मिनिटे बसत नाही, त्याचे काय करावे?

आभाळमाया

या दोन प्रश्नांची उत्तरे पुरुषमंडळी इंजिनाच्या गप्पांत विसरतात, म्हणून मी देते. माझे सासरे चार उन्हाळे आमच्या बोटीवर येत आहेत.

चढताना पाण्याची पातळी आणि धक्क्याची उंची यांत फरक पडतो, म्हणून बाजूच्या फाटकातून एक पायरी चढावी किंवा उतरावी लागते. तिथे धरायला भक्कम दांडा आहे का ते आधी पाहा आणि फाटकाची रुंदी मोजा. लांबलचक मऊ सोफे दिसायला सुंदर असतात, पण ते बुटके असतात आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला त्यातून उठता येत नाही. चालकाच्या शेजारी हातांची, फिरती, उंच खुर्ची हवी. ती नसेल तर त्या बोटीचा विचार सोडा. वडिलांना एकदा सोबत नेऊन बसवून आणि उठवून पाहा, मग रंग निवडा. बोटीवरचे कापडी छत पुरेसे लांब असावे. चार तास बाहेर राहायचे असेल तर पडद्याआड सुटसुटीत शौचपात्राची सोय असलेली बोट पाहा; ज्येष्ठ मंडळी संकोचाने पाणी पिणेच बंद करतात आणि मग उन्हाचा त्रास होतो.

मुलांच्या बाबतीत एकच गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगेन. बोट चालू असताना पुढचे फाटक बंद, आणि कठड्याच्या पुढे कोणीही बसायचे नाही. पुढच्या कडेला पाय सोडून बसण्याचा मोह मोठ्यांनाही होतो, पण तिथून पडलेले मूल दोन नळ्यांच्या मधून थेट इंजिनाच्या फिरत्या पंख्याकडे जाते, आणि चालकाला ते दिसतही नाही. सगळे जण पुढे गोळा झाले तर नाक पाण्यात घुसून तक्तपोशीवर पाणी येते, तेही याच सवयीतून. मिनेसोटात दहा वर्षांखालील मुलांनी बोट चालू असताना लाइफ जॅकेट घालणे कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्या अकरा वर्षांच्या मुलाला तो नियम लागू होत नाही, पण तुम्ही लागू करा, नाहीतर धाकटा रोज भांडेल. पोहायला उतरण्यापूर्वी इंजिन बंद करून किल्ली काढायची; मागच्या शिडीजवळ फक्त पंख्याचाच धोका नसतो, चालू इंजिनाचा विषारी धूरही तिथेच साचतो. रबरी चकतीवर मुले ओढताना चालकाखेरीज एका माणसाचे लक्ष सतत मागे असू द्या.

एक घरगुती सूचना : पांढरी आसने घेऊ नका. उन्हात ती कमी तापतात हे खरे, पण बटाट्याच्या भाजीतील हळदीचा डाग त्या व्हिनाइलवरून आजतागायत गेलेला नाही. फिकट राखाडी रंग बरा. जमिनीला गालिचाही नको, तो वाळत नाही.

तराफा

आभाळमाया यांनी खुर्चीचा मुद्दा मांडला तो मला सुचला नव्हता. वल्हे यांचे भाड्याबद्दलचे म्हणणेही मान्य आहे, फक्त तीन महिने थांबण्याची गरज नाही, दोन फेऱ्या पुरतात.

बोट ठेवायची कुठे, हे मात्र आधी ठरवा. मिनेटोंकावर धक्क्याची जागा मिळाली तर बोट वापरली जाते. ट्रेलरवर घरी ठेवली तर सहा माणसे, दोन पिशव्या आणि बोट उतरवण्याची रांग यांतच शनिवारची सकाळ संपते. ट्रेलर वापरणार असाल तर साडेआठ फुटांहून रुंद बोट विशेष परवान्याशिवाय रस्त्यावर नेता येत नाही, आणि पाण्यातून बाहेर काढताना प्रत्येक वेळी वनस्पती काढून टाकणे, पाण्याची बुचे काढणे आणि ती रस्त्यावर उघडीच ठेवणे सक्तीचे आहे. मिनेटोंकात २०१० साली झीब्रा शिंपले (बोटींबरोबर एका तळ्यातून दुसऱ्यात पसरणारे उपद्रवी शिंपले) सापडले, तेव्हापासून तपासनीस कडक आहेत. वापरलेला धक्का किंवा बोट उचलण्याचा पाळणा विकत घेतलात, तर तो दुसऱ्या तळ्यात टाकण्यापूर्वी एकवीस दिवस कोरडा ठेवावा लागतो. हे अनेकांना दंड झाल्यावर कळते.

शेवटी परवाना. १ जुलै २०२५ पासून मिनेसोटात तरुण चालकांना प्रशिक्षण घेऊन परवाना काढणे आवश्यक झाले आहे, आणि १ जुलै २०२८ पासून ३० जून १९८७ नंतर जन्मलेल्या सर्वांना ते लागू होईल. तुम्ही दोघांनी वयाचा हिशेब न करता ते प्रशिक्षण आधीच घ्यावे. ऑक्टोबरमध्ये बोट बाहेर काढताना इंधन हिवाळ्यात खराब होऊ नये म्हणून त्यात स्थिरक घाला, आणि शक्य तिथे इथेनॉलविरहित पेट्रोल वापरा, ते इथे अनेक पंपांवर मिळते.

कृष्णाकाठ

क्षमतापट्टीचे छायाचित्र आले. वीस फुटी बोटीवर दहा माणसे लिहिली आहेत, पण नळ्या तेवीस इंचांच्या आहेत आणि खाली पत्रा नाही, म्हणून ती सोडून दिली. पंचवीस इंचांच्या दोन नळ्या, खालून पत्रा आणि एकशे पंधरा अश्वशक्तीचे इंजिन असलेली एक वापरलेली बावीस फुटी बोट दुसऱ्या विक्रेत्याकडे दिसते आहे. येत्या शनिवारी भाड्याची बोट ठरवली आहे आणि त्यानंतरच्या शनिवारी वडिलांना घेऊन ती पाहायला जाणार आहोत. पाना_पकड, तिथे इंजिन थंडच ठेवा असे दूरध्वनीवर सांगितले आहे. विक्रेता क्षणभर गप्प झाला.