मदत हवी आहे: लांब मांड्या असलेल्याला कोणता स्क्वॉट द्यावा?

मंडळी, मी जिममध्ये कोच आहे आणि एका क्लायंटपाशी गाडी अडली आहे. गडी उंच, मांडीचं हाड धडाच्या मानाने चांगलंच लांब. पाठीवर बार घेऊन खाली जायला लागला की मांडी जमिनीला समांतर होण्याआधीच छाती पुढे झुकते. दुसऱ्या दिवशी तक्रार एकच, "सर, कंबर भरून आली, मांड्यांना काहीच नाही."

गणित कळतं. बार पावलाच्या मध्यावर राहिला नाही तर तोल जाणार. मांडी लांब म्हणून नितंब जास्त मागे, म्हणून धड पुढे. 60 किलोचा बार खुब्याच्या 30 सेंमी पुढे असेल, तर नुसत्या बारचा टॉर्कच (खुब्याभोवती फिरवणारा जोर) साधारण 177 न्यूटन-मीटर होतो. म्हणजे "छाती वर ठेव" असं ओरडून उपयोग नाही. (मी महिनाभर ओरडलो, ते सोडा.)

टाचांखाली अडीच सेंमीची फळी ठेवली, तेव्हा गुडघे पुढे गेले आणि धड बरंच सरळ झालं. गुडघ्याचा जुना त्रास नाही.

आता फळी कायम ठेवू की बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉटवर (मागचा पाय बाकावर ठेवून पुढच्या पायावर बैठक) नेऊ? फ्रंट स्क्वॉटला (बार खांद्यांवर पुढून) मनगटं वळत नाहीत. गॉब्लेट स्क्वॉटमध्ये (वजन छातीशी हातात धरून) मांड्यांआधी हातच थकतात. ध्येय फक्त मांडीचे पुढचे स्नायू वाढवण्याचं आहे, स्पर्धा वगैरे नाही. अशा बांध्याच्या लोकांना तुम्ही काय देता, आणि किती खाली बसवता?